बिल सांगतं एक, कॅमेरा दाखवतो भलतंच

मागच्या अंकात दुकानातल्या कॅमेऱ्यांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि तुम्ही लोकांनी खरंच पाठवले, बहुतेक सगळे मुंबईतले. गंमत म्हणजे "कोणता कॅमेरा घेऊ" असं एकानेही विचारलेलं नाही. कॅमेरे सगळ्यांकडे आहेत. वांधा आहे तो कॅमेरा एकीकडे, बिलिंग दुसरीकडे, शटरचा सायरन तिसरीकडे आणि हे एकमेकांशी बोलतच नाहीत याचा. मी लॅमिंग्टन रोडवर वीस वर्षं हा माल विकलाय, शिडीवर चढून लावलाय पण, त्यामुळे जे सांगतेय ते शिडीवरचं ज्ञान आहे असं समजा.

प्रश्न : ताई, पार्ले पूर्वेला आमचं मिनी मार्ट आहे. दोन काउंटर, आठ कॅमेरे, बिलिंग कॉम्प्युटरवर. दर महिन्याला स्टॉक मोजला की तूप, बदाम, शाम्पू यात तूट येतेच. फुटेज बघायला बसलो की रात्र जाते आणि हाती काही लागत नाही. एक जण म्हणतो बिल आणि कॅमेरा जोडून देतो, वर एआय पण टाकतो, ८५ हजार. घ्यावं का?

आत्ता नको. आधी एक फुकटातलं काम करा. मोबाइलवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा, काउंटरच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि त्याच वेळी एक रुपयाचं काहीतरी बिल मारा. मग तिन्ही वेळा शेजारी शेजारी लिहा, मोबाइलची, फुटेजवर कोपऱ्यात येते ती आणि बिलावर छापलेली. दहातल्या आठ दुकानांत या तिघांचं पटत नाही, हा माझा अंदाज नाही हो, शिडीवरचा अनुभव आहे.

हे एवढं ताणून का सांगते, तर २०१६ च्या दिवाळीत गिरगावात माझ्या मामाच्या दुकानात जे झालं त्यामुळे. गल्ल्यात २,४०० रुपये कमी. मामाने बिलिंगमध्ये बघितलं तर रात्री ९:१० ला एक बिल कॅन्सल झालेलं, बरोब्बर तेवढ्याच रकमेचं. फुटेज काढलं, ९:१० ला काउंटरवर एकटा मुलगा उभा, रत्नागिरीकडचा, दोन वर्षं कामाला होता. झालं, मामाने काही ऐकून घेतलं नाही, त्याच रात्री पगार हातात ठेवून घरी पाठवलं. मी चार दिवसांनी भाऊबीजेला गेले तेव्हा सहज बघितलं तर डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारी पेटी, १४ मिनिटं पुढे. म्हणजे खरे ९:१० हे फुटेजवरचे ९:२४, आणि ९:२४ ला काउंटरवर मामाच. एका बाईंनी तुपाचे डबे परत आणले होते, मामाने स्वतः बिल कॅन्सल करून पैसे दिले आणि गर्दीत विसरून गेला. तो मुलगा नंतर ठाकूरद्वारला दुसऱ्या दुकानात लागला. मामा अजून त्या फुटपाथने जात नाही.

घड्याळ पुढेमागे का होतं? डीव्हीआरमध्ये किंवा एनव्हीआरमध्ये (नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांची तशीच पेटी) मनगटी घड्याळासारखा छोटा सेल असतो, तो मेला की लाइट गेल्यावर वेळ गडबडते. सेल चांगला असला तरी अशी घड्याळं दिवसाला सेकंद-दोन सेकंद सरकतात, दोन महिन्यांत मिनिट-दोन मिनिटं सहज. आणि एक खास लोचा म्हणजे चिनी बनावटीच्या पेटीत टाइम झोन कधीकधी बीजिंगचाच राहिलेला असतो, मग फरक थेट अडीच तासांचा. उपाय सेटिंगमध्येच आहे, एनटीपी नावाचं, इंटरनेटवरून वेळ जुळवायचं पान असतं, तिथे टाइम झोन साडेपाच करायचा आणि सर्व्हर टाकायचा. आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, तिचा सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी असा आहे. तोच पत्ता बिलिंगच्या कॉम्प्युटरला पण द्या. पैसे शून्य. एवढं झालं की निम्मी जोडणी झाली, कारण आता बिल नंबरवरून वेळ आणि वेळेवरून फुटेज दोन मिनिटांत सापडतं.

आता खरी जोडणी. बऱ्याच एनव्हीआरमध्ये पीओएसची, म्हणजे बिलिंग काउंटर जोडायची, सोय आधीच असते, तुमच्या पेटीच्या मेन्यूत बघा, आठ कॅमेऱ्यांची जरा बरी पेटी असेल तर असायची शक्यता आहे. बिल छापणाऱ्या थर्मल प्रिंटरला जो मजकूर जातो तोच एनव्हीआर ऐकतो आणि चित्रावर ओळी उमटवतो, तूप १ नग, बदाम २५० ग्रॅम, एकूण इतके. नंतर "तूप" किंवा बिल नंबर टाकून शोधता पण येतं. ऐकायला झकास आहे पण एक खोच आहे जी कुठलाही सेल्समन सांगत नाही. आपल्याकडे मालाची नावं मराठीत छापायची असतील तर बहुतेक सॉफ्टवेअर ती प्रिंटरला अक्षरं म्हणून पाठवतच नाही, चित्र म्हणून पाठवतं, कारण साध्या थर्मल प्रिंटरला देवनागरी येत नाही. विंडोजच्या ड्रायव्हरमधून छापलं तर इंग्रजी बिलाचंही कधीकधी तेच होतं. प्रिंटरला चित्र चालतं, एनव्हीआरला ते वाचता येत नाही आणि स्क्रीनवर चौकोन, प्रश्नचिन्हं, काहीबाही येतं. मग वेंडर म्हणतो, प्रिंटर बदला. प्रिंटर बदलू नका, बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की बिल सेव्ह झालं की साध्या मजकुरात एक दुसरी कॉपी एनव्हीआरच्या आयपी पत्त्यावर पाठव, त्यात बिल नंबर, आयटम कोड, नग आणि रक्कम एवढंच पुरे. आणि पैसे द्यायच्या आधी, तुमच्याच दुकानात, तुमच्याच प्रिंटरवर, अर्धा किलो तुपाचं बिल मारून स्क्रीनवर दाखव म्हणा. लॅपटॉपवरचा डेमो बघून भुलू नका.

जोडल्यावर बघायचं काय? सगळं नाही. रोज सकाळी दहा मिनिटं, कालची फक्त ही बिलं : टोटल झाल्यावर कॅन्सल झालेली, माल परत दाखवलाय पण समोर गिऱ्हाईकच नाही अशी, विक्री नसताना गल्ला उघडलाय अशी आणि हाताने रेट बदललाय अशी. एवढ्यावर वचक बसतो. पण ओळखीच्या माणसाला चार वस्तूंतल्या तीनच स्कॅन करून चौथी तशीच पिशवीत जाते तेव्हा बिलात काहीच उमटत नाही, तिथे हातच बघावे लागतात. म्हणून काउंटरचा कॅमेरा स्कॅनर, गल्ला आणि पिशवी या तिघांवर वरून हवा, फार तर दोन मीटर रुंदीचं चित्र. दुकानभर दिसावं म्हणून लोक तोच कॅमेरा लांब लावतात आणि मग कुणाचाच चेहरा ओळखू येत नाही. हिशोब सोपा आहे, अनोळखी माणूस नक्की ओळखायला मीटरमागे साधारण २५० ठिपके लागतात आणि २ मेगापिक्सलच्या चित्रात आडवे १,९२० ठिपके असतात, म्हणजे साडेसात मीटरच्या पुढे चित्र रुंद झालं की ओळख गेली.

आणि एक आगाऊ सल्ला. शाम्पू रॅकवरून जातो हे समजू शकते, पण तूप काउंटरवरूनच जातंय कशावरून? मागच्या दारी टेम्पो उतरतो तेव्हा चलानवर २४ डबे आणि आत २२, हे मी इतक्यांदा बघितलंय. तुमच्या आठ कॅमेऱ्यांतला मागच्या दाराला एक तरी आहे का, ते लिहिलं नाहीत.

प्रश्न : हिंदमाताजवळ साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. दारावरचा नवीन कॅमेरा माणसं मोजतो. बिलांशी जोडलं की किती आले, किती जणांनी घेतलं ते कळतं असं सांगितलं. पण तो रोज सहाशे माणसं दाखवतो, आमचा विश्वास बसत नाही.

विश्वास बसत नाही ते बरोबरच आहे. चहाला बाहेर जाऊन आलेली तुमची मुलं, गठ्ठे आणणारा हमाल, पावसात दोन मिनिटं आडोशाला आलेले, सगळे त्या सहाशेत आहेत. त्यातून कॅमेरा तिरपा असेल तर दोघी खेटून आल्या की एक मोजतो आणि एकच बाई दारात रेंगाळली तर दोन. मोजणीचा कॅमेरा दाराच्या बरोब्बर डोक्यावर, सरळ खाली बघणारा लागतो. एका दुपारी आणि एका संध्याकाळी अर्धा-अर्धा तास स्टुलावर बसून वहीत रेघा मारा आणि आकडा ताडून बघा, किती टक्के चुकतो ते कळेल.

दुसरं असं की साडीच्या दुकानात माणशी बिल हा हिशोबच चुकीचा. लग्नाच्या बस्त्याला एका नवरीबरोबर आत्या, मावशी, काकू, वहिनी अशा सात जणी येतात आणि बिल होतं एक, मोठं. मशीन म्हणणार सातातली एकच पटली! म्हणून शेजारच्या दुकानाशी तुलना करायच्या भानगडीत पडू नका, तुमच्याच दुकानाचे तास तासांशी लावा. संध्याकाळी पाच ते सात माणसं भरपूर आणि बिलं कमी असतील तर दाखवायला मुली कमी पडतायत, जेवणाची सुट्टी मागेपुढे करा. या जोडणीचा एवढाच उपयोग आहे, पण तो खरा उपयोग आहे.

पत्त्यात हिंदमाता वाचलं म्हणून विचारते, एनव्हीआर कुठे ठेवलाय? काउंटरखाली असेल तर आजच पोटमाळ्यावर न्या, नुसती पेटी नाही, तिच्याबरोबरचा, कॅमेऱ्यांच्या केबल जोडलेला नेटवर्क स्विच आणि यूपीएस पण. जुलैत तिथे पाणी चढतं ते तुम्हाला मी काय सांगायचं. आणि ट्रायल रूमच्या दाराकडे कॅमेरा असला तरी आतला कणभर भाग दिसता कामा नये, वरून फट असते तिथून सुद्धा. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात याला पहिल्या गुन्ह्यातच एक ते तीन वर्षं आहेत.

प्रश्न : लालबागला आमचं सराफी दुकान. रात्री शटर उचललं तर सायरन वाजावा, कॅमेरा रेकॉर्ड व्हावा आणि मोबाइलवर कळावं असं एकत्र होतं का? सध्या सायरन वेगळ्या कंपनीचा आहे, महिन्यातून चारदा उगाच वाजतो आणि आता आजूबाजूचे लक्षच देत नाहीत.

होतं. एनव्हीआर उलटा करून मागे बघा काका, अलार्म इन आणि अलार्म आउट लिहिलेले छोटे हिरवे टर्मिनल असतील. शटरच्या मॅग्नेट सेन्सरची वायर इनमध्ये, सायरन आउटवर रिलेतून, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचमधून. रात्री दहानंतर सेन्सर सुटला की त्या क्षणाच्या आधीच्या दहा सेकंदांपासूनचं फुटेज वेगळं बाजूला पडतं आणि मोबाइलवर फोटो येतो. कंपनी वेगळी असली तरी चालतं, या दोन तारांना कंपनी कळत नाही.

वायरमनला एकच प्रश्न विचारा, एनसी (नॉर्मली क्लोज्ड) जोडलंय की एनओ (नॉर्मली ओपन). एनसी म्हणजे सर्किट कायम चालू, कुणी वायर कापली तरी तुटल्यामुळे अलार्म होतो. एनओमध्ये वायर कापली की सेन्सर मेला आणि कुणाला पत्ता नाही. सराफाच्या दुकानात एनओ जोडलेलं दिसलं तर त्या माणसाला चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा.

उगाच वाजतो तो बहुतेक उंदरामुळे, नाहीतर आतल्या हालचालीच्या सेन्सरवर पंख्याची गरम हवा येत असेल. सेन्सर आणि कॅमेऱ्याची माणूस ओळखण्याची सोय, दोघांनी होकार दिला तरच सायरन, असं लावून घ्या. एकट्या सेन्सरने नुसता मोबाइलवर मेसेज यावा.

पण शटरवरच सगळा भरवसा नको. २०१७ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत जुईनगरला बँकेचे लॉकर फुटले ते आठवत असेल, शेजारचा गाळा भाड्याने घेतला, तिथे किराणा दुकान थाटलं आणि खालून भुयार खणलं. शटरला हातही लावला नव्हता. तिजोरीच्या भिंतीला आणि जमिनीला कंपन ओळखणारा सेन्सर लावा, तोही त्याच इनमध्ये जातो. राउटरला यूपीएस आणि सिमकार्डचा पर्याय द्या, नाहीतर लाइट घालवली की मोबाइलवर येणारा मेसेज तिथेच गप्प.

आणि पुढच्या काचेच्या दाराला मॅग्नेटचं लॉक असेल तर लाइट गेल्यावर किंवा आग लागल्यावर ते आपोआप सुटलंच पाहिजे. चोर आत कोंडावा म्हणून बॅटरी लावून ते धरून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. आत गिऱ्हाईक पण असतं हो.

प्रश्न : मी एका मोठ्या कपड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला आहे, मालाडला. आता चेहऱ्याने हजेरी लागते आणि तीच सिस्टीम कॅमेऱ्यांना जोडलीये, कोण किती वेळ कुठल्या सेक्शनला उभं होतं ते सुपरवायझर दाखवतो. कॅमेऱ्यात आवाज पण येतो म्हणे. हे चालतं का?

दुकानदारांच्या पत्रांत तुझं एकटीचं या बाजूने आलं म्हणून आवर्जून घेतलंय. सरळ उत्तर असं की चोरी-नुकसान टाळायला आणि नोकरीच्या कामापुरतं मालक कॅमेरा आणि हजेरी वापरू शकतो, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात त्याला तेवढी मुभा आहे, वेगळी परवानगी न घेता. पण कामापुरती. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या चेहऱ्यांचा डेटा कुठल्या पेटीत आहे, तो कोण बघतं, नोकरी सोडल्यावर पुसतात का, हे विचारायला तुम्ही मोकळ्या आहात. चौघी-पाच जणींनी मिळून एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको.

आवाजाचं म्हणशील तर मी स्वतः दुकानात माइक बंदच ठेवायला सांगते. गल्ल्याजवळ वाद झाला तर उपयोग होतो असं मालक म्हणतात, पण त्याच माइकमध्ये जेवणाच्या वेळेचं तुमचं बोलणं आणि गिऱ्हाईकाचा मोबाइल नंबर पण जातो. आणि स्टॉकरूममध्ये तुम्ही कपडे बदलत असाल तर तिथे कॅमेरा चालणारच नाही, हजेरी असो की चोरी.

प्रश्न : घाटकोपरला मेडिकल आहे. गिऱ्हाईक यूपीआयचा जुना स्क्रीनशॉट दाखवून जातं. साउंडबॉक्स कॅमेऱ्याला जोडता येईल का?

साउंडबॉक्स नाही, बिल जोडा. बिलिंग सॉफ्टवेअरमधून प्रत्येक बिलाचा वेगळा क्यूआर काढता येतो, रक्कम त्यातच असते आणि बँकेकडून पैसे आल्याचं कळलं की बिल आपोआप पेड होतं. मग त्या बिलाच्या मजकुराबरोबर यूपीआयचा १२ आकडी रेफरन्स नंबर पण फुटेजवर येतो. तोवर, बॉक्स बोलल्याशिवाय पिशवी सोडायची नाही, एवढा साधा नियम. मेडिकलला घाई असते म्हणून जास्त फसतात.

तुम्ही पत्रात कॅमेऱ्याच्या मोबाइल ॲपचा पासवर्ड पण लिहून पाठवलात! तो अंकात छापलेला नाही, पण आधी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कंपनीतून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणूनच. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे एकाच वायफायवर असतील तर नेटवर्कवाल्याकडून दोन वेगळे भाग करून घ्या, नाहीतर कॅमेऱ्यातून शिरलेला माणूस थेट बिलांपर्यंत जातो. दोघांमध्ये फक्त बिलाच्या मजकुराला जायला एक वाट ठेवायची, बाकी बंद.

प्रश्न : चोरी झाली, १८ दिवसांनी लक्षात आलं, पोलिसांनी फुटेज मागितलं आणि एनव्हीआरमध्ये बाराच दिवसांचं निघालं. वेंडर तर महिन्याचं म्हणाला होता. — चेंबूरहून एक वाचक

तुमच्याकडे आठ कॅमेरे आणि २ टीबीची डिस्क असणार, बरोबर? एक कॅमेरा २ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटने, चालला तर दिवसाला २१.६ जीबी खातो, आठ मिळून १७३. म्हणजे २ टीबीला साडेअकरा दिवस. महिना हवा असेल तर सव्वापाच टीबी, म्हणजे बाजारातली ६ टीबीची डिस्क, ती पण सर्व्हेलन्सवाली, कॉम्प्युटरची साधी नको. नवीन कॅमेरे घेत असाल तर ते ९ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या सरकारी सुरक्षा तपासणीत पास झालेले आहेत का ते बिलावर लिहून घ्या.

आणि पुढच्या वेळी फुटेज द्याल तेव्हा टीव्हीच्या स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करून व्हॉट्सॲप करू नका. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं ६३ वं कलम लागू आहे, त्यात फुटेजबरोबर सर्टिफिकेट दोन भागांत लागतं, एक पेटी ज्याच्या ताब्यात आहे त्याचं म्हणजे तुमचं आणि दुसरं तज्ज्ञाचं, शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा आकड्या-अक्षरांतला ठसा. असं सर्टिफिकेट ऐच्छिक नाही हे सुप्रीम कोर्टाने जुन्या कायद्याखाली २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं, आणि ती केस आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीची होती, उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही ते निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. तिथेही सगळं वेळेवरच अडलं होतं, बघा.

म्हणून पोलिस येतील तेव्हा मूळ फाइल एनव्हीआरमधून पेनड्राइव्हवर काढा, दोन कॉपी, आणि कागदावर लिहा की त्या क्षणी एनव्हीआरचं घड्याळ मोबाइलपेक्षा किती सेकंद पुढे किंवा मागे होतं. खाली सही, तारीख.